दिलेलं यंत्र चालू राहावं म्हणून

साथ शिगेला पोहोचली की सधन घरांतून मदतीचा ओघ सुरू होतो आणि त्यातले बरेचसे पैसे यंत्रांवर खर्च होतात. २०२०-२१ मध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं असंच झालं.

हा पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर. आतला कॉम्प्रेसर खोलीतली हवा दाबतो, झिओलाइटचे दाणे तिच्यातला नायट्रोजन धरून ठेवतात आणि मिनिटाला पाच लिटरपर्यंत, साधारण ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर येतो. हाय फ्लो थेरपीवरच्या, म्हणजे नाकावाटे मोठ्या प्रवाहानं ऑक्सिजन दिला जाणाऱ्या, अत्यवस्थ रुग्णाला मात्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्रवाह लागू शकतो. त्याला हे यंत्र पुरणार नाही. म्हणून यंत्रं कोणत्या रुग्णांसाठी हवीत, हे आधी विचारायचं, आकडा नंतर.

आता मागची बाजू पाहा. हवा आत घेणारा हा फिल्टर आठवड्यातून एकदा धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. धूळ साचली तर कॉम्प्रेसर तापतो. दमट जागी यंत्र महिनोन्‌महिने पडून राहिलं तर झिओलाइट ओल धरतं आणि नायट्रोजन नीट पकडेनासं होतं. प्रवाहमापकातला गोळा पाचवरच दिसतो, पण नळीतून येते ती जवळपास साधी हवा. हे ओळखायला ऑक्सिजन ॲनालायझर लागतो. देणगीच्या यादीत तो आवर्जून घालावा.

रुग्णालयाच्या प्रमुखांशी बोलणं झालं तरी रुग्णालयातली यंत्रं सांभाळणारा बायोमेडिकल अभियंता आणि भांडारपालाला भेटल्याशिवाय खरेदी करू नये. व्होल्टेज किती खालीवर होतं, वीज गेली तर शेजारी भरलेला सिलिंडर असतो का, हे त्यांना ठाऊक असतं. आमचं मत स्पष्ट आहे: दहा यंत्रांच्या पैशांत आठच घ्या. उरलेल्या रकमेतून स्टॅबिलायझर, फिल्टरचे जादा संच आणि प्रत्येक रुग्णाला नवी नेझल कॅन्युला (नाकात लावायची नळी) द्या. तंत्रज्ञाच्या पगाराची सोय वेगळी करा. पगारासाठी देणगी मागायला रुग्णालयं संकोचतात. दात्यानंच तो विषय काढावा.

औषधं मागणीशिवाय पाठवूच नयेत. ती पोहोचतील तेव्हा मुदत संपायला किमान एक वर्ष उरलेलं असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. १९९२ ते १९९६ या काळात बॉस्नियात सुमारे १७ हजार टन निरुपयोगी औषधं साचली आणि त्यांची विल्हेवाट लावायचा भार युद्धानं खिळखिळ्या झालेल्या देशावर पडला.

रक्कम दोन हप्त्यांत द्यावी. पहिला हप्ता रुग्ण वाढू लागताच. दुसरा सहा महिन्यांनी, जेव्हा फिल्टर संपत आलेले असतात आणि पगाराचे पैसेही.