तीन कोऱ्या चौकटी

(दृश्य: टेबलावर उघडी वही. पेनाचं टोक एका ओळीवर येऊन थांबतं.)

या वहीत एक ओळ म्हणजे एक माणूस. डावीकडे नाव, पुढे दर आठवड्याची एक चौकट. चौकटीत वजन, बीपी, कधी शुगर. ही मधली ओळ बघा. सलग सात आठवडे आकडे भरलेले आहेत. वजन थोडं थोडं उतरतंय, बीपी आटोक्यात येतंय. आणि मग तीन चौकटी कोऱ्या.

ही वही वस्तीतल्या एका गटाची आहे. बीपी, मधुमेह असलेली माणसं इथे दर आठवड्याला जमतात, तपासतात, मिळून चालतात. वही चाळणारी ताई या गटाची प्रमुख आहे. ती डॉक्टर नाही, नर्सही नाही. याच वस्तीत राहते, रीतसर प्रशिक्षण घेऊन दर आठवड्याला हा गट चालवते. भरलेल्या आकड्यांवरून तिची नजर भराभर पुढे जाते. कोऱ्या चौकटींपाशी मात्र ती थांबते, आणि फोन हातात घेते.

तिचा फोन लागेपर्यंत आपण थोडं मागे जाऊ.

(दृश्य: दवाखान्याबाहेरचा बाक. माणसं नंबरची वाट बघतायत.)

उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार. यातला एखादा आजार जडला की तो सहसा जन्माचा सोबती होतो. वर्षाचे तास होतात ८,७६०. दर तीन महिन्यांनी न चुकता तपासणीला जाणारा माणूससुद्धा त्यातला फार तर तास-दीड तास डॉक्टरांसमोर असतो. बाकीचा सगळा काळ तो, त्याचं ताट, त्याची झोप, त्याचं काम आणि गोळ्यांची डबी. खरा उपचार तिथे चालतो, किंवा चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ साली एक अहवाल काढला होता. श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषधं घेतात, असं त्यात म्हटलं होतं.

याला बेफिकिरी म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. दात ठणकला की माणूस सकाळी दवाखान्याच्या दारात उभा असतो. बीपी ठणकत नाही. वाढलेली साखर वर्षानुवर्षं आतून रक्तवाहिन्या खराब करत राहते आणि बाहेर काहीच कळत नाही. जे दुखतच नाही, त्याचं पथ्य पाळायला आतून कोणी टोचत नाही. मग बाहेरून कोणीतरी विचारणारं लागतं. वस्तीतल्या अशा गटांचं सगळं मर्म या विचारण्यात आहे, असं मला हे चित्रीकरण करताना दर वेळी वाटत राहिलं.

(दृश्य: खुर्चीत बसलेल्या बाईंच्या दंडावर बीपीचा पट्टा गुंडाळला जातोय. खोलीत शांतता.)

गटाची सुरुवात होते ती अशी, शांत बसून. आधी पाच मिनिटं नुसतं बसायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड हृदयाच्या पातळीवर येईल असा हात टेबलावर. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवर नाही. बोलायचं नाही. लघवी तुंबलेली असेल तर आधी जाऊन यायचं, कारण तेवढ्यानंही आकडा चढतो. मिनिटभरानं पुन्हा एकदा मोजायचं. घाईघाईत, गप्पा मारत घेतलेला आकडा दहा-दहा अंकांनी फसवू शकतो, आणि फसव्या आकड्यावर गोळी वाढली तर त्याची चक्कर रुग्णाला येते. या ताईंनी ती पाच मिनिटं कधी कापलेली मी पाहिली नाहीत.

मग चालायला जायचं.

(दृश्य: पावलांचा जवळून शॉट. वेगवेगळी पादत्राणं, वेगवेगळा वेग.)

चालताना आत काय होतं ते सांगायलाच हवं. रक्तातली साखर स्नायूत शिरण्यासाठी एरवी इन्सुलिनचा निरोप लागतो. मधुमेहात तो निरोप नीट पोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावू लागला की तो निरोपाची वाट बघत नाही. पेशीच्या आत ग्लूट-४ नावाची प्रथिनं असतात, साखर आत घेणारी. हालचाल सुरू झाली की ती पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि साखर आत ओढली जाते. इन्सुलिनचा एक रस्ता अडला असला तरी हा दुसरा मोकळा असतो. शिवाय चालणं थांबल्यावरही स्नायू काही काळ इन्सुलिनला जास्त दाद देतात. हा असर दिवस-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणून मधुमेहींना सांगतात, आठवड्याला किमान १५० मिनिटं चाला, आणि सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका. वहीतली कोरी चौकट शरीरालाही कळते, ती अशी.

(दृश्य: जुन्या नोंदवह्यांची चळत.)

हे सगळं अंदाजाने चाललेलं नाही. १९८६ साली चीनमधल्या दाचिंग शहरात ३३ दवाखान्यांतून ५७७ माणसं निवडली गेली. त्यांची साखर वाढलेली होती, पण मधुमेह अजून झाला नव्हता. काही दवाखान्यांत आहार, काहींत व्यायाम, काहींत दोन्हींचं मार्गदर्शन सुरू झालं, आणि काहींत नेहमीचंच चालू राहिलं. सहा वर्षांनी नेहमीच्या गटातल्या जवळपास ६८ टक्के लोकांना मधुमेह झाला होता. इतर गटांत ते प्रमाण ४१ ते ४६ टक्के होतं. कार्यक्रम संपला, तरी अभ्यासकांनी त्या माणसांची चौकशी सोडली नाही. तीस वर्षांनी पाहिलं तेव्हा मार्गदर्शन मिळालेल्यांचा मधुमेह सरासरी जवळपास चार वर्षं उशिरा आला होता, आणि हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना २६ टक्क्यांनी कमी होत्या. सहा वर्षांची मेहनत तीस वर्षं पुरली.

अमेरिकेतला मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ३,२३४ माणसं. वजन सात टक्क्यांनी उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच त्यातल्या एका गटाचं उद्दिष्ट. या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. हे आकडे पुष्कळदा सांगितले जातात. त्यामागची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्या गटातल्या प्रत्येकाला त्याचा स्वतःचा एक मार्गदर्शक होता, आणि पहिल्या सहा महिन्यांतच त्याच्यासोबत सोळा बैठका होत्या. नुसतं 'चालत जा' सांगून कोणाला घरी पाठवलं नव्हतं.

आणि आता जे कानाला गोड लागत नाही तेही ऐका. टाइप २ मधुमेह असलेल्या, वजन जास्त असलेल्या ५,१४५ माणसांवर अमेरिकेतच आणखी एक अभ्यास झाला. नऊ-साडेनऊ वर्षांनंतर, २०१२ साली तो थांबवला गेला, कारण वजन उतरूनही हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झाले नव्हते. साखर सुधारली, औषधं कमी लागली, झोपेतला श्वासाचा त्रास कमी झाला, पण हृदयाच्या बाबतीत फरक पडला नाही. तेव्हा 'जीवनशैली बदला, गोळ्या फेकून द्या' असं कोणी छातीठोक सांगत असेल, तर कृपा करून त्याचं ऐकू नका. बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी आणि चालणं यांचं आपसात भांडण नाही. उलट इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यानं आहार-व्यायाम वाढवला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी. डोस डॉक्टरांनीच बदलायचा असतो. चालताना छातीत दाब आला तर तिथल्या तिथे थांबायचं. हे अंगावर काढायचं दुखणं नाही. चांगल्या गटात हे पहिल्याच दिवशी सांगतात आणि पुन्हा पुन्हा सांगतात.

(दृश्य: ताई फोनवर. पलीकडचा आवाज अस्पष्ट.)

म्हणूनच गोळ्या, सल्ला आणि सोबत हे तिन्ही एकत्र आणून बघितलं गेलं. कोलंबिया आणि मलेशियातल्या ३० वस्त्यांमध्ये १,३७१ माणसांवर झालेला हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या १४ वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते घराजवळ येऊन तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं मोफत देत. आणि प्रत्येक रुग्ण आपला एक माणूस निवडत असे, घरचा किंवा मित्र. गोळी घेतलीस का, आज चाललास का, हे विचारणं त्याचं काम. वर्षभरानं इतर वस्त्यांच्या तुलनेत इथलं वरचं बीपी ११ अंकांहून जास्त उतरलं होतं. यातलं किती गोळ्यांमुळे आणि किती विचारण्यामुळे, ते वेगळं काढता येत नाही. मला तर ते वेगळं काढावंसंही वाटत नाही.

असे गट अनेक ठिकाणी सुरू होतात. काही टिकतात, बरेच विरून जातात. आम्ही पाहिलेल्या एका गटाची वेळ सकाळी अकराची होती. ज्याची दिवसाची मजुरी बुडते तो अकराला कसा येणार? मग तिथे येत होते ते आधीच वेळ असलेले, आधीच पथ्य पाळणारे, आणि कागदावर निकाल छान दिसत होता. दुसरीकडे प्रत्येकाचं वजन मोठ्यानं वाचून दाखवायचे, टाळ्या वाजवायचे. वाढलेल्याला टाळ्या नाहीत. पुढच्या आठवड्यात तो येत नसे. हे करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्याला गटाची सगळ्यात जास्त गरज होती, तोच आधी गळत होता. कोणताही कार्यक्रम चांगला की वाईट हे मी आता एकाच प्रश्नानं ठरवतो. जो आला नाही, त्याचं इथे काय होतं?

(दृश्य: ताईंचा चेहरा जवळून. फोन लागला आहे.)

"काका, तीन आठवडे दिसला नाहीत. बरे आहात ना?"

"बरा आहे." थोडा वेळ काहीच नाही. मग, "पथ्य मोडलं गं ताई. वजन पुन्हा वाढलंय. आता कोणत्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं या. काट्यावर उभं राहू नका. नुसतं बीपी बघू."

"बघू."

"गोळ्या चालू आहेत ना?"

पुन्हा शांतता. "संपल्यात. पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवस. घरात कोणाला माहीत नाही, दवाखान्यात कोणाला माहीत नाही. दवाखान्याची पुढची तारीख आली असती तेव्हाच कळलं असतं, किंवा त्याआधी अपरात्री कळलं असतं. ताई त्यांच्यावर रागावत नाही. कागद घेऊन या, डॉक्टरांची वेळ मी घेते, एवढंच म्हणते. वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहिते, 'गोळ्या संपल्या'.

(दृश्य: पुढचा आठवडा. दार. काका आत येतात, दाराजवळच्याच खुर्चीत बसतात.)

कोणी मान वळवून बघत नाही. शेजारचे एकजण पाय आखडून जागा करून देतात. पाच मिनिटं शांतता. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर. पट्टा फुगतो, हळूहळू सैल होतो. मिनिटभरानं पुन्हा.

१५८ वर ९४.

ताई आकडा अकराव्या चौकटीत लिहिते. मागच्या तीन तशाच कोऱ्या राहू देते. डॉक्टरांच्या वेळेची चिठ्ठी काकांच्या हातात देते. बाहेर गट चालायला निघालाय. काका बाही खाली ओढतात, चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवतात आणि दाराशी वाकून आपल्या चपला शोधतात.