बाटलीचा ताणा, विणकरांचा बाणा

शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीचा तळ आधी कापून काढला जातो. मग तिच्या अंगावर खालून वर उभे छेद दिले जातात आणि ते गळ्यापाशी थांबवले जातात. झाकणाच्या आट्यांसह गळा शाबूत राहतो, त्याच्याखाली प्लॅस्टिकच्या अरुंद पट्ट्या मोकळ्या सुटतात. टोपली विणणाऱ्याला या पट्ट्यांमध्ये तयार ताणाच दिसतो, म्हणजे ते उभे धागे, ज्यांच्या आतबाहेरून आडवा बाणा फिरवायचा असतो. शाबूत राहिलेल्या गळ्यातून विजेची तार आत येते आणि विणलेला भाग दिव्याची छत्री होतो.

ही रचना माद्रिदचे डिझाइनर आल्वारो कातालान दे ओकोन यांची आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांमध्ये वाहत जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांविषयी काहीतरी करावे, या हेतूने २०११ मध्ये त्यांना कोलंबियात बोलावण्यात आले होते. काही मिनिटांत रिकामी होणारी आणि त्यानंतर शेकडो वर्षे न कुजणारी वस्तू त्यांच्या हाती होती, आणि तिला जोड द्यायची होती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या विणकामाची. हे दोन्ही एकत्र कसे आणायचे, याचे उत्तर त्यांना जपानी चहा घुसळण्याच्या बांबूच्या रवीत मिळाले. ही रवी बांबूच्या एकाच तुकड्यातून घडते. त्याचे एक टोक चिरून बारीक काड्या केल्या जातात, दुसरे टोक मूठ म्हणून अखंड ठेवले जाते, आणि काड्यांमधून दोरा गुंफून त्या एकमेकींपासून दूर धरल्या जातात. बाटलीचा गळा म्हणजे ती मूठ, आणि पट्ट्या म्हणजे त्या काड्या.

कोलंबियात या बाटल्यांवर जे हात चालले, ते एपेरारा सियापिदारा या आदिवासी समाजाच्या विणकरांचे आहेत. पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या काउका प्रांतात, नद्यांच्या काठी हा समाज राहत आला आहे. कोलंबियातील सशस्त्र संघर्षामुळे ऐंशी लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली, आणि त्यांतच यांतील अनेक कुटुंबे राजधानी बोगोटात येऊन पोहोचली. गावाकडे टोपल्यांसाठी वापरले जाणारे तेतेरा या वनस्पतीचे तंतू आणि ते विणण्याची रीत त्यांनी सोबत आणली. २०१२ मध्ये कोलंबियाच्या सरकारी हस्तकला संस्थेच्या साहाय्याने बोगोटात कार्यशाळा झाली, तिथे या तंतूंची आणि बाटलीची गाठ पडली. काउकातीलच ग्वाम्बियानो समाजाचे विणकरही या कामात होते.

विणकामाच्या पहिल्या फेऱ्या नीट पाहाव्यात. पट्ट्या गुळगुळीत असतात, आणि बाटलीच्या मूळ गोलाईकडे पुन्हा वळू पाहतात. त्यांना बाहेर वाकवत एकीच्या वरून, दुसरीच्या खालून तंतू न्यावा लागतो. एकाच तंतूने सलग गोल विणायचे असेल, तर पट्ट्यांची संख्या विषम असावी लागते. ती सम असेल, तर प्रत्येक फेरीत बाणा त्याच पट्ट्यांवरून जातो आणि वीण धरतच नाही. एकदा वीण धरली, की पट्ट्या फाकवत घेर वाढवायचा की आवळत उतरायचे, रंग कुठे बदलायचा आणि कोणती नक्षी उमटवायची, हे विणणारी व्यक्ती ठरवते. या प्रकल्पाचे खरे मोल मला इथेच दिसते. परदेशातून आलेले डिझाइनर अनेकदा तयार नमुना हाती देतात आणि कारागिराकडून फक्त मजुरी करून घेतात. इथे डिझाइनरने चौकट आखली, आणि तिच्या आतला सारा भाग ज्यांची ती विद्या आहे त्यांच्याकडे सोपवला.

म्हणूनच तीच बाटली देश बदलला की वेगळी दिसते. चिलीत, चिंबारोंगोसारख्या वेतकामासाठी प्रसिद्ध गावाच्या परंपरेतून, तिच्यावर सडसडीत काड्यांची वीण चढली. इथिओपियात टोपली गवताच्या जुडीला गोल वळसे देत आणि प्रत्येक वळशाला टाके घालत उभी राहते, आणि त्या घट्ट विणीचा ठसा तिथल्या दिव्यांवर उतरला.

२०१३ मध्ये मिलानच्या डिझाइन सप्ताहात हे दिवे मांडले गेले, त्यांना ग्राहक मिळाले आणि विणकरांना कामाचा मोबदला मिळू लागला. नद्यांमधील प्लॅस्टिकच्या तुलनेत इथे वापरात आलेल्या बाटल्या मूठभरच आहेत.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, आर्नहेम लँडमधील रामिंगिनिंग येथे, २०१६ मध्ये योल्ङु या तिथल्या आदिवासी समाजाच्या आठ विणकरणींनी ही रीत आणखी पुढे नेली. पँडॅनसची, म्हणजे केवड्याच्या कुळातील झाडाची, काटेरी पाने तोडायची, चिरायची, सुकवायची आणि मुळे-साली उकळून काढलेल्या रंगांत बुडवायची, हे काम त्यांच्याकडे आया-आज्यांपासून चालत आलेले आहे. त्यांच्या परंपरेत गोल चटया विणतात. म्हणून बाटलीभोवती सुरू झालेली वीण छत्रीच्या काठावर थांबली नाही. ती चटईसारखी बाहेर पसरत गेली, शेजारणीच्या विणीला जाऊन मिळाली, आणि आठ जणींच्या कामाची मिळून एकच विशाल कलाकृती तयार झाली. मेलबर्नच्या नॅशनल गॅलरी ऑफ व्हिक्टोरियाच्या संग्रहात ती आहे, आणि तिच्या नोंदीत डिझाइनरच्या नावासोबत आठही विणकरणींची नावे कलाकार म्हणून दिलेली आहेत.