पन्नी उघडण्याआधी

(नागपुरात घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्यांच्या एका मेळाव्यातलं बोलणं. लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी. क्लाउनफिश, म्हणजे समुद्रातला तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा, नव्या टाकीत कसा सोडायचा, हे मला विचारलं जातं तेव्हा विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा पन्नी, म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी, असते आणि पन्नीत मासा असतो. म्हणजे प्रश्न सव्वा महिना उशिरा आलेला असतो. सोडायचं काम अर्ध्या तासाचं. त्याच्या आधीचं काम मोठं, आणि ते सगळं पाण्याचं आहे.

आपल्या गावात समुद्र मिठाच्या थैलीतून येतो. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम सॉल्ट मिक्स. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण ते मिक्स कशात विरघळवता? नळाचं पाणी पेंच-कन्हानचं, त्यात क्लोरीन. बोअरचं पाणी तर विचारूच नका. मग लोक म्हणतात, घरी आरओ आहे ना! आहे, पण घरच्या आरओच्या डब्यात टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. काही मशीनमध्ये वरून मिनरलचं कार्ट्रिजही असतं. तुमच्या पोटाला ते बरं असेल, टाकीत मात्र त्याचं शेवाळ होतं. मेकॅनिकला सांगून टाकीसाठी मेम्ब्रेनमधूनच, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यातूनच, थेट नळी काढून घ्या, आणि जमलं तर पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा, एक पाइप लावा. मीठ आदल्या दिवशी बादलीत कालवायचं, आत छोटा पंप फिरता ठेवायचा. माशाच्या डोक्यावर मीठ ओतणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांचं काय सांगू.

टाकी पिकण्याबद्दल, म्हणजे तिच्यात कामाचे जिवाणू रुजण्याबद्दल, थोडक्यात बोलतो, कारण गोड्या पाण्यातही तेच असतं. माशाच्या विष्ठेतून आणि गिलांतून, म्हणजे कल्ल्यांतून, अमोनिया येतो. जिवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट. या दोन्ही जाती दगडांवर आणि फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर टाकीत मासा नाही, फक्त जिवाणूंना अमोनियाचं खाद्य आणि पाणी तपासायचं टेस्ट किट. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी तयार. बाटलीतले जिवाणू वापरा, हरकत नाही. पण खात्री किटनेच करा, बाटलीवरच्या लेबलाने नाही.

आता पन्नी.

हे मासे आपल्याकडे बाहेरून येतात. पॅकिंग, विमान किंवा रेल्वे, मग दुकान. इतक्या वेळात पन्नीत दोन गोष्टी साचतात: माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड आणि त्याचा अमोनिया. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. पीएच कमी असला की अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात राहतो, आणि अमोनियम माशाला फारसं बाधत नाही. म्हणजे मासा घाणीत असतो, पण घाणीचे दात काढलेले असतात. तुम्ही पन्नी उघडता, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो. पीएच एक अंकाने वाढला की विषारी अमोनिया जवळजवळ दहापट होतो. अशा वेळी आपण काय करतो? पन्नी उघडी ठेवून नळीने थेंब-थेंब पाणी सोडत दोन-तीन तास शेजारी बसतो. माशाला हळूहळू सवय व्हावी म्हणून! तो तिथे विषात बसलेला असतो आणि आपण घड्याळ पाहून राहिलो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: सवय माशाला लावू नका, पाणी माशाला जुळवून ठेवा. बंद पन्नी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, तापमान एक होईल. दिवा बंद. मग पन्नी कापायची, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या यंत्रावर, तिच्या पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि आकडा वाचायचा. समुद्राच्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत ते किती जड आहे तो आकडा, १.०२५ च्या आसपास असतं. पण पुष्कळ दुकानं मीठ वाचवायला आणि परजीवी आटोक्यात ठेवायला १.०१८, १.०१९ वर मासे ठेवतात. आकडा मासा घेतानाच दुकानदाराला विचारा, आणि घरी वेगळ्या छोट्या टाकीत त्याच क्षारतेचं पाणी तयार ठेवा. ही क्वारंटाइन टाकी, म्हणजे नव्या माशाला काही दिवस वेगळं ठेवायची. आकडे जुळले की मासा हलक्या हाताने जाळीत किंवा डब्यात घ्यायचा आणि सोडायचा. पन्नीचं पाणी मोरीत.

क्षारतेत एक गोम आहे. खाऱ्यातून कमी खाऱ्यात गेलेला मासा बहुधा सांभाळून घेतो. कमी खाऱ्यातून एकदम जास्त खाऱ्यात गेला तर त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. समुद्रातले मासे पाणी पितात आणि मीठ गिलांतून बाहेर टाकतात. त्या यंत्रणेला दम धरायला वेळ लागतो. म्हणून १.०१९ वरून १.०२५ वर न्यायला आठवडा घ्या. सोपी युक्ती अशी की क्वारंटाइन टाकीतलं पाणी उडेल तसतसं त्या जागी खारं पाणी भरत जायचं.

क्वारंटाइन कशाला, असं कुणीतरी विचारणारच. ब्रुकलिनेला नावाचा एक सूक्ष्म जीव क्लाउनफिशच्या मागे हात धुऊन लागलेला असतो, विशेषतः समुद्रातून पकडलेल्या माशांच्या. अंगावर पांढरट चिकट थर येतो, श्वास धावतो, आणि मासा थोड्याच दिवसांत जातो. असा मासा मोठ्या टाकीत सोडला तर तुम्ही औषध कुठे घालणार? दगडांसकट सगळ्या टाकीत? शक्य असेल तर पाळीव पैदाशीचाच मासा मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात क्लाउनफिशची पैदास करून दाखवली आहे, त्यामुळे हे मागणं वेडेपणाचं नाही.

पहिल्या रात्री बहुतेक क्लाउनफिश वरच्या एका कोपऱ्यात, हीटरजवळ, डोलत उभा राहतो. त्याचं पोहणं तसंच असतं, शेपूट मागे आणि डोकं हलतंय. रात्री कधी पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवा पडून झोपतो. त्यावर घाबरून जाळी घालू नका. खाणं एक-दोन दिवस टाळेल. बारीक पेलेट किंवा फ्रोझन आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) थोडंसं द्या, उरलं ते काढून घ्या. लक्ष गिलांवर ठेवा. श्वास फार जलद झाला, किंवा अंगाचा रंग साय धरल्यासारखा दिसला, तर मात्र थांबू नका, लगेच उपचाराला लागा.

आता उन्हाळा. २०१३ च्या मेमध्ये आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता. माशाला २४ ते २७ अंश हवेत. पाणी थंड करणारं चिलर महाग, आणि खोलीत त्याचीच गरम हवा. इथे विदर्भाचा कोरडेपणा कामी येतो. टाकीवरची काच काढून जाळी बसवा आणि पाण्यावर तिरका पंखा लावा. पाणी उडतं आणि टाकी दोन-चार अंश उतरते. पण मीठ उडत नाही. १०० लिटरच्या टाकीतून ५ लिटर पाणी गेलं की ३५ ची (दर हजारी ३५ भाग मीठ) क्षारता जवळपास ३७ होते, आणि पंख्याखाली मेच्या उन्हाळ्यात ५ लिटर जायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून मोठ्या टाकीत भर रोज घालायची आणि ती गोड्या, शुद्ध आरओ पाण्याची. खाऱ्याची नाही.

खरा घात मेपेक्षा मृगाच्या आसपास होतो. हवा दमट झाली की पाणी उडत नाही, पंखा नुसता फिरत राहतो आणि टाकी तापत जाते. त्या दिवसांत एसीच्या खोलीला पर्याय नाही. खोलीत कूलर असेल तर त्याचा झोत टाकीवर येऊ देऊ नका. डेंग्यूच्या दिवसांत लोक कूलरच्या पाण्यात रॉकेल ओततात, डासांचं औषध टाकतात, आणि तेच तुषार टाकीत जातात. डासांचा स्प्रे मारायचा तर एअर पंप दुसऱ्या खोलीत ठेवा. तो हवेतलं औषध थेट पाण्यात ढकलतो. लाइन गेली तर आधी ऑक्सिजनची काळजी करा, कारण गरम पाण्यात तो तसाही कमी विरघळतो. बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे.

समुद्रफुलाचं, म्हणजे अ‍ॅनिमोनचं, एका वाक्यात सांगतो: पहिलं वर्ष नको. त्याला तेज दिवा आणि मुरलेली टाकी लागते. पाळीव पैदाशीच्या माशाने ते कधी पाहिलेलंही नसतं, तो पंपाच्या तोंडाशी संसार थाटतो. आणि दगड घेताना जपा. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. कुणी ‘लाइव्ह रॉक’ म्हणून प्रवाळाचा तुकडा हातात ठेवला तर घेऊ नका. सिरॅमिकचा दगड जिवाणूंना पुरतो.

(इथे मागच्या रांगेतून एका काकूंनी विचारलं, “भाऊ, जोडी म्हणून आणले आणि दोन्ही नरच निघाले तर?”)

काकू, निघू द्या. लहानपणी कुणीच मादी नसते. दोघांतला जो वरचढ होतो तो मादी बनतो, दुसरा नर राहतो. फक्त एक जरा मोठा, एक लहान असा आणा, म्हणजे भांडण लवकर मिटतं. लहानगा मोठ्यासमोर अंग थरथरवतो. ती शरणागती आहे, आजार नाही. एकमेकांचे पर फाटू लागले तरच वेगळे करा. दोघं एकाच जातीचे असावेत. आणि तिसरा आणू नका. दुकानाच्या टाकीत वीस-वीस एकत्र दिसतात, कारण त्या दाटीत कुणालाच आपली जागा राखता येत नाही. तुमच्या टाकीत जोडी एकदा कोपरा धरून बसली की तिसऱ्याला रोज मार बसतो.