पत्रात न लिहिलेलं

(गुहागर तालुक्यातून नौदलाच्या प्रशिक्षणाला निघालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी एका निवृत्त चीफ पेटी ऑफिसरने दिलेलं व्याख्यान. बोलण्याची भाषा तशीच ठेवून संपादित.)

नमस्कार. पुढच्या रांगेतल्या मुलामुलींना नेव्हीचं बोलावणं आलंय आणि त्यांना चार गोष्टी सांगाव्यात म्हणून मला बोलावलंय. पण मी जास्त बोलणार आहे ते मागच्या रांगेतल्या आईवडलांशी. मुलांना शिकवायला तिकडे माणसं आहेत. पोर गेल्यावर घराने कसं राहायचं, हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

मी १९८९ च्या ऑगस्टमध्ये गेलो. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. माळ्यावरून पाट काढून झाला होता, बाबांनी मखराचं सामान आणलं होतं. आई म्हणाली, "विसर्जन झाल्यावर जा ना." बोलावण्याच्या कागदावरची तारीख तिला दोनदा वाचून दाखवली, तेव्हा गप्प झाली. घरापासून इतका लांब मी तोवर कधी गेलो नव्हतो. माझी धाव चिपळूणपर्यंत, फार तर एकदा मुंबईला मामाकडे. आता दोन रात्री रेल्वेत काढून ओडिशात बालुगाव स्टेशनला उतरायचं होतं.

आयएनएस चिलका म्हणजे चिलका सरोवराच्या काठावरचं नौदलाचं प्रशिक्षण केंद्र. १९८० पासून ते तिथे आहे. नौसैनिकाची सुरुवात तिथून होते. नावात आयएनएस, म्हणजे इंडियन नेव्हल शिप, आहे म्हणून घरच्यांना वाटतं पोरगं बोटीवर चढलं. बोट नसते, जमिनीवरच्या इमारती असतात. पण बोलायचं मात्र बोटीवर असल्यासारखं. फरशीला डेक, स्वयंपाकघराला गॅली, संडासाला हेड्स म्हणायचं, आणि गेटाबाहेर जायची सुट्टी म्हणजे लिबर्टी. पहिल्या आठवड्यात हे फार विचित्र वाटलं. पुढे खऱ्या जहाजावर, मध्यरात्री, इंजिन रूमच्या आवाजात कुणी ओरडून काही सांगितलं तेव्हा शब्द शोधत बसावं लागलं नाही. तेव्हा त्याचा उपयोग कळला.

सरोवराबद्दल सांगतो, कारण मला त्यानेच धरून ठेवलं. पहिल्यांदा काठावर नेलं तेव्हा मी चूळ भरून पाहिली. पाणी मचूळ. धड गोड नाही, धड खारं नाही, अगदी आपल्या खाडीसारखं. समोर नांगरलेल्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी. माझ्या शेजारी हरियाणाचा एक मुलगा होता. एवढं पाणी तो जन्मात पहिल्यांदा पाहत होता. तो घाबरला होता आणि मला रडू येत होतं, कारण मला ते सगळं ओळखीचं होतं. थंडी सुरू झाली तशी उत्तरेकडून पाखरं आली. इतकी की पहाटे पीटीला उभं राहिलं की अंधारात फक्त त्यांचा कलकलाट ऐकू यायचा.

दिवस कसा जातो ते थोडक्यात सांगतो. पहाटे उठायचं, मग पीटी, परेड, वर्ग, पोहणं, खेळ आणि रात्री रांगेत उभं राहून हजेरी. केस पहिल्याच दिवशी जातात. पांढरा गणवेश स्वतः धुवायचा, स्वतः इस्त्री करायचा. प्रत्येक कपड्यावर आपलं नाव घालायचं. किट मस्टरच्या दिवशी सगळं सामान ठरलेल्या घडीत मांडून दाखवायचं. सुईदोरा मी तिथे हातात धरला. घरी शर्टाचं बटण तुटलं की आईकडे फेकणारा मुलगा मी.

कोकणातली मुलं पोहण्याच्या भरवशावर जातात. त्यांनी एक ऐकून ठेवावं. आपण खाडीत डोकं वर काढून पोहतो. तिथे आधी ते मोडतात आणि मग उंचावरून उडी मारायला लावतात. मी फळीवर उभा राहिलो आणि पाय हलेनात. हरियाणाचा तो मुलगा मात्र डोळे मिटून गेला सरळ खाली. त्या रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी उडी मारली.

यातलं काहीही मी घरी लिहिलं नाही. गणपतीच्या दिवशी आमच्या बराकीत मराठी मुलं पाचसहाच होती. रात्री हळू आवाजात आरती म्हटली आणि दुसऱ्या कडव्यापाशी सगळ्यांचाच आवाज गेला. पुढे ताप आला, चार दिवस सिक-बेमध्ये, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, पडून होतो. सरोवरात व्हेलर ओढताना, म्हणजे पाच वल्ह्यांची जड होडी, तळहाताची सालं निघाली. घरी जाणारं पत्र एकच: मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, काळजी करू नये.

तिकडून येणारं पत्रही तसंच. आई सांगायची आणि बहीण लिहायची. घरी सर्व ठीक. पूर्वी खाली बाबांच्या हातच्या दोन ओळी असायच्या. नोव्हेंबरपासून त्या बंद झाल्या. बहीण लिहायची, "बाबा बंदरावर गेलेत, म्हणून त्यांची सही नाही." सलग चार पत्रांत बाबा बंदरावरच. मला शंका आली, पण मी विचारलं नाही. मीही लपवत होतो ना. विचारलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं.

ट्रेनिंग संपलं, शेवटची पासिंग आउट परेड झाली. ती परेड सांगताना अजून अंगावर काटा येतो. आमच्या वेळी ती दिवसा होती. अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीची परेड २८ मार्च २०२३ ला सूर्यास्तानंतर झाली, आपल्या नौदलात हे पहिल्यांदाच घडलं. त्या सुमारे २६०० जणांत २७३ मुली होत्या. आज इथे बसलेल्या दोघी त्याच वाटेने निघाल्यात. मला त्याचा फार आनंद आहे, आणि माझ्या बहिणीला ही संधी मिळाली नाही याचं वाईटही वाटतं. ती माझ्यापेक्षा चांगली पोहायची.

तर पहिली रजा. वीस दिवस. रेल्वेचं वॉरंट, म्हणजे सरकारी खर्चाने प्रवासाचा कागद, खिशात, काळी ट्रंक खांद्यावर. पुण्याला उतरून चिपळूणची एसटी धरली. कुंभार्ली घाट उतरताना खिडकीतून वारा आला आणि मी एसटीत बसलेल्या सगळ्यांना विचारत सुटलो, काच सरकवू का म्हणून. फेब्रुवारी होता. आंब्याला मोहोर होता.

घरी पोचलो तर बाबा पडवीत बसलेले, शेजारी भिंतीला दोन काठ्या टेकवलेल्या. ऑक्टोबरात जेटीवर शेवाळावरून पाय घसरला होता. मांडीचं हाड मोडलं, चिपळूणला ठेवलं होतं, प्लास्टर महिनोन्‌महिने. होडी विकली होती. मी उभाच राहिलो. आई म्हणाली, "तुझं ट्रेनिंग अर्धवट राहिलं असतं."

बाबांनी मला जवळ बोलावलं आणि माझा हात हातात घेऊन उलटा केला. तळव्याकडे बघत राहिले. जन्मभर वल्हं मारलेला माणूस तो, त्याला सांगायला काय लागत होतं? म्हणाले, "तरीच अक्षर बिघडलं होतं. आम्ही म्हटलं, ट्रेनमध्ये लिहितोय की काय." मग अंगठा कुठे ठेवतोस ते दाखव म्हणाले. मी काठी धरून दाखवलं. त्यांनी माझी बोटं उचलून पुन्हा नीट ठेवली.

ती रजा सोपी गेली नाही. पहाटे साडेचारला जाग यायची. उठून अंथरुणाची चौकोनी घडी घालायचो. तिसऱ्या दिवशी आई ती घडी बघून म्हणाली, "पाहुण्यासारखा काय वागतोस?" आणि आत गेली. गावातले येऊन पगार विचारायचे. काकांना मी गणवेशात देवळात यायला हवा होतो, शाळेतल्या गुरुजींना वर्गात. मी सगळीकडे गेलो. पण जेवलास का, झोप लागते का, तिथे कुणाशी पटत नाही का, हे एकट्या बहिणीने विचारलं. तेही विहिरीवर, कुणी नसताना. तेव्हा तिला उडीचं सांगितलं. शिमग्याची पालखी घरी येण्याआधी रजा संपली.

पुढे कळलं की नौदलात प्रत्येक नव्या शिपायाचा एक डिव्हिजनल ऑफिसर असतो. घरची अडचण त्याला सांगायची असते. रीतसर रिक्वेस्ट करता येते, गरज खरी असेल तर रजेचा विचार होतो. पण त्यासाठी आधी पोराला घरचं कळायला हवं. आणि हे बोलणं किती मोलाचं आहे ते आपल्या मुंबईने पाहिलंय. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या तलवार या सिग्नल शिकवणाऱ्या केंद्रात तरुण नौसैनिकांनी संप केला. वाईट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानाची भाषा यांची तक्रार ऐकायला कुणी तयार नव्हतं. बघता बघता ठिणगी कराचीपर्यंत पोचली. मोठ्या सेनापतींची नावं आपल्याला पाठ असतात. त्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांचीही आठवण या किनाऱ्याने ठेवायला हवी.

आता तुमच्याकडे मोबाइल आहेत. ट्रेनिंगमध्ये तो रोज हातात मिळेलच असं धरून चालू नका. आणि मिळाला तरी त्यावरही "सगळं ठीक" हे दोनच शब्द बोलता येतात. अग्निवीराला वर्षाला तीस दिवस रजा आहे आणि नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे घेतात. म्हणजे परत आल्यावर काय करायचं ही काळजी त्याच्या मनात पहिल्या वर्षापासून असणार. रजेत तो ती बोलला तर लगेच "होईल सगळं" म्हणून विषय संपवू नका. बसा त्याच्याजवळ.

रजेनंतर मी लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत इंजिनाचं काम शिकायला गेलो. जूनमध्ये तिथे पाऊस असा लागला की आठवडाभर कपडे वाळले नाहीत. मी घरी लिहिलं: कपडे ओले आहेत, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्यात, मलम लावतोय, पंपाच्या पेपरात कमी गुण पडले. उत्तर दहा दिवसांनी आलं. बहिणीचं अक्षर, आणि खाली बाबांच्या हातच्या दोन ओळी. "मलम लावण्याआधी पाय कोरडे कर. मी कालपासून एकाच काठीवर चालतो, पण पायऱ्या उतरताना अजून भीती वाटते."