पहिल्या दगडानंतरची पाच मिनिटं

मित्रहो, शांततापूर्ण आंदोलन कुठे संपतं आणि दंगल कुठे सुरू होते, या प्रश्नाचं एक तयार उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहे. ते आधी हातावेगळं करू. भारतीय न्याय संहितेच्या कलम 189 नुसार 5 किंवा अधिक माणसं बेकायदा उद्देशानं एकत्र आली की तो बेकायदा जमाव. त्या जमावानं, किंवा त्यातल्या एकानंही, त्या उद्देशापायी बळ वापरलं की कलम 191 खाली दंगा, आणि त्यात दोषी जमावातला प्रत्येक जण. इंग्लंडच्या 1986 च्या कायद्यात दंगलीला किमान 12 माणसं लागतात. हा आकडा तिकडे फार जुना आहे. 1715 साली अमलात आलेल्या दंगा कायद्यात 12 जणांचा जमाव दिसला की मॅजिस्ट्रेट राजाच्या नावानं फर्मान वाचून दाखवायचा आणि तासाभरात पांगलं नाही तर थेट मृत्युदंड. इकडे 5, तिकडे 12. कोर्टाला कुठेतरी रेघ मारावीच लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला या आकड्यांचा काडीचा उपयोग नाही.

दुसरा घोळ जास्त त्रासाचा आहे. ‘बेकायदा’ आणि ‘हिंसक’ या दोन गोष्टी आपण सर्रास एकाच गाठोड्यात बांधतो. मिठाचा सत्याग्रह बेकायदाच होता. कायदा मोडायचा हाच तर त्याचा उद्देश. 21 मे 1930 रोजी धारासणाच्या मिठागरावर सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही रांगेनं पुढे गेले. लाठ्या डोक्यावर पडत होत्या आणि मार चुकवायला कोणी हातसुद्धा वर करत नव्हतं. वेब मिलर या अमेरिकी वार्ताहरानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि जगभर कळवलं. त्या मैदानावर हिंसा होती, पण ती एकाच बाजूची. म्हणजे रक्त सांडलं म्हणून आंदोलन हिंसक ठरत नाही; कोणी सांडलं ते विचारावं लागतं.

रास्ता रोको, घोषणा, कामाचा खोळंबा, थोडी रेटारेटी यांनी लोकांना ताप होतो, हे खरं. पण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं 2020 साली शांततापूर्ण सभेच्या हक्काचा जो अर्थ लावला, त्यात साफ म्हटलंय की नुसती ढकलाढकली किंवा रहदारीची अडवणूक म्हणजे हिंसा नव्हे. इतरांना इजा होईल असं बळ किंवा मालमत्तेचं गंभीर नुकसान, इथून पुढे हिंसा. आणि काही जणांच्या तुरळक कृत्यांचं खापर बाकीच्यांवर फोडायचं नाही. आंदोलन कोणालाच त्रास न देणारं असावं, अशी अपेक्षा असेल तर ती आंदोलनाची अपेक्षाच नव्हे.

मालमत्तेचा प्रश्न तरी उरतोच. जाळणं म्हणजे हिंसा का? 1908 साली जोहान्सबर्गमध्ये भारतीयांनी आपापले नोंदणी दाखले जाळले. 1921 साली मुंबईत परदेशी कपड्यांच्या होळ्या झाल्या. आग तीच, पण जळत होतं ते ज्याचं त्याचं, स्वखुशीनं आणून टाकलेलं. मग 17 नोव्हेंबर 1921 उजाडला. प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला, शहरात बहिष्कार होता, आणि गांधीजी त्याच दिवशी एका गिरणीच्या आवारात अशाच होळीला हजर होते. तिकडे रस्त्यावर जमाव येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्यावरच्या परदेशी टोप्या हिसकावू लागला. सरहद्द हवी असेल तर ती इथे दिसते. स्वतःची टोपी होळीत टाकणं हे आंदोलन, दुसऱ्याच्या डोक्यावरची ओढणं ही जबरदस्ती. टोपीवरून प्रकरण स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती लोकांना मारहाणीवर गेलं, उलट हल्ले झाले, आणि काही दिवसांत पन्नासहून जास्त माणसं मेली. गांधीजींनी उपोषण केलं आणि पाहिलेल्या ‘स्वराज्या’ची आपल्याला दुर्गंधी आली असं लिहिलं. स्वतःच्याच अनुयायांबद्दल हे लिहायला छाती लागते.

पण एवढ्यानं भागत नाही. टोपी पहिल्यांदा ओढणारा एकच असतो. मोर्च्यातला पहिला दगडही एकच जण मारतो, आणि तो कोण हे बहुतेकदा कधीच कळत नाही. एका दगडानं दंगल होत नाही. त्यानंतरच्या पाच मिनिटांत दगड मारणाऱ्याच्या शेजारचे काय करतात आणि समोरचे पोलीस काय करतात, यावर ते ठरतं, असं माझं मत आहे.

चौरीचौरा घ्या. 4 फेब्रुवारी 1922. आपल्याला शाळेतून एकच ओळ आठवते: जमावानं पोलीस चौकी जाळली, पोलीस मेले, गांधीजींनी असहकार थांबवला. पण ती आग आभाळातून पडली नव्हती. काही दिवस आधी बाजारातल्या निदर्शनात भगवान अहीर या स्वयंसेवकाला पोलिसांनी मारहाण केली होती. त्याचा जाब विचारायला निघालेली मिरवणूक ठाण्यापाशी आली. बाचाबाची, लाठ्या, मग रेल्वेमार्गावरची खडी उचलून दगडफेक. पोलिसांनी हवेत गोळ्या झाडल्या. कोणाला काही झालं नाही, तेव्हा जमावात बोललं गेलं की गांधीबाबाच्या कृपेनं गोळ्यांचं पाणी झालं. मग गोळ्या अंगावर आल्या, माणसं पडली. काडतुसं संपली, पोलीस ठाण्यात शिरले, बाहेरून कडी आणि आग. बावीस-तेवीस पोलीस मेले. हवेतला गोळीबार भीती घालण्यासाठी होता, त्यानं भीड चेपली. आणि ‘आता पुरे, मागे फिरा’ असं ज्याचं ऐकलं जाईल असा माणूस त्या क्षणी पुढे नव्हता. सेशन्स कोर्टानं 172 जणांना फाशी सुनावली. हायकोर्टानं त्यातल्या 19 जणांची कायम केली. जमावातला प्रत्येक जण दोषी, या सूत्राची धाव कुठवर जाते ते 172 या आकड्यावरून कळतं.

गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांगून ठेवलं की गर्दीत माणसाची बुद्धी गहाण पडते. हे मत पोलिसांना, पत्रकारांना आणि घरात बसून बातम्या बघणाऱ्यांना फार सोयीचं आहे, म्हणून ते टिकलं. नंतरचं संशोधन वेगळं सांगतं. क्लिफर्ड स्टॉट आणि जॉन ड्र्युरी या मानसशास्त्रज्ञांनी 31 मार्च 1990 च्या लंडनमधल्या पोल टॅक्सविरोधी, म्हणजे माणशी कराविरोधी, दंगलीचा अभ्यास केला. आलेले बहुतेक लोक आपण कायदा पाळणारे नागरिक आहोत असंच समजत होते. पोलिसांनी सगळ्यांना एकाच मापानं मोजून रेटायला सुरुवात केली, तेव्हा एकमेकांना न ओळखणारे हे लोक एक झाले. दगड मारणारा तोवर ‘तो’ होता, आता ‘आपल्यातला’ झाला. लाठीमारात माणसं पांगतात हे खरं, पण पांगण्याआधी ती एकवटतात, हे बंदोबस्ताच्या आखणीत धरलेलं असतं का, मला शंका आहे.

उलटही घडतं. 9 ऑक्टोबर 1989, लाइपझिग. पूर्व जर्मनीची राजवट, रस्त्यात सशस्त्र दलं, गोळीबार होणार अशी शहरभर वदंता. सत्तर हजार लोक बाहेर पडले. वाद्यवृंदाचे संचालक कुर्ट माझूर आणि आणखी पाच जणांचं शांततेचं आवाहन ध्वनिक्षेपकांवरून ऐकवलं गेलं. त्या सहांपैकी तिघे सत्ताधारी पक्षाचेच स्थानिक पदाधिकारी होते. लोक ‘हिंसा नको’ अशी घोषणा देत होते, म्हणजे एकमेकांनाच बजावत होते. निकोलाय चर्चचे पाद्री क्रिस्टियान फ्युहरर नंतर सांगत, की मेणबत्ती धरायला दोन्ही हात लागतात, एक धरायला आणि एक ज्योत विझू नये म्हणून. दगडाला हात उरत नाही. गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत खुली झाली.

हातात काय आहे, हा म्हणूनच नियोजनाचा भाग आहे. 28 मार्च 1968 रोजी अमेरिकेत मेम्फिसमध्ये सफाई कामगारांच्या संपासाठी मार्टिन ल्यूथर किंग मोर्च्यात पुढे चालत होते. मागे काही तरुणांनी फलकांच्या काठ्या काढून दुकानांच्या काचा फोडल्या. फलक मागणीचा, काठी त्याच फलकाची. पोलीस सगळ्यांवरच तुटून पडले आणि एक सोळा वर्षांचा मुलगा गोळीनं मेला. अहिंसेचा एवढा मोठा नेता पुढे असून मोर्चा हातचा गेला, कारण स्वयंसेवकांची साखळी पुरेशी नव्हती आणि त्या तरुणांना नियोजनात नीट सामील करून घेतलं नव्हतं. किंग नंतर त्या तरुणांच्या गटाला भेटले, नवा मोर्चा ठरवला, आणि त्याआधीच 4 एप्रिलला त्यांचा खून झाला.

आता तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच, की शांत बसलं तर ऐकतंय कोण? प्रश्न रास्त आहे. एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन या अमेरिकी अभ्यासकांनी 1900 ते 2006 मधल्या मोठ्या लढ्यांची मोजदाद केली: अहिंसक लढे 53 टक्के यशस्वी, हिंसक 26 टक्के. पण त्यात हिंसक म्हणजे मुख्यतः सशस्त्र उठाव, चार काचा फुटलेला मोर्चा नव्हे. म्हणून हा आकडा वाटेल तिथे फेकू नये. मला ओमर वासोव या राज्यशास्त्रज्ञाचं काम जास्त जवळचं वाटतं. 1960 च्या दशकातल्या अमेरिकेत निदर्शनं शांत असताना, आणि विशेषतः दडपशाही समोरून होत असताना, वर्तमानपत्रांत हक्कांची चर्चा व्हायची. निदर्शक हिंसक झाले की मथळे गुन्हेगारी आणि बंदोबस्ताचे व्हायचे. ज्याच्या मागणीसाठी मोर्चा निघाला, तो दुसऱ्या दिवशी मागणीबद्दल नव्हे, फुटलेल्या काचेबद्दल खुलासे देत बसतो.

आणि माणसं बाहेरून घुसवली गेली तर? घुसवली जातात, आणि उघडकीलाही येतात. पण रांगेतले लोक एकमेकांना ओळखत असतील, प्रत्येक तुकडीला जबाबदार माणूस असेल, तर अनोळखी चेहरा पहिल्या दोन मिनिटांत नजरेत येतो. अडचण त्यापुढची आहे. त्याला पकडलं, बाजूला काढलं, तर मारहाणीचा आरोप आपल्यावर. पोलिसांच्या हाती दिला, तर तो कोणाच्या हाती दिला हेच कळत नाही. तुमच्यातल्या ज्यांनी मोर्चे काढलेत, त्यांनी अशा वेळी नेमकं काय केलं, ते आता प्रश्नोत्तरांत सांगावं.