औषध लागू पडलं होतं, मग गाठ परत कशी आली?

राम राम मंडळी. परभणीकडं माझा मामा आहे. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झालाय, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. भाकरी पाण्यात कुस्करून चमच्यानं खातो, कारण कुणीतरी सांगितलं म्हणून मामीनं दही बंद केलंय. परवा मला म्हणाला, "इंजेक्शननं गाठ बसली होती की रं. मग परत आली कशी? औषध बोगस निघालं, का माझंच पथ्य चुकलं?"

मामाचं औषध इम्युनोथेरपीचं. ते केमोसारखं गाठीवर थेट जात नाही. आपल्या रक्तातल्या टी-पेशी राखणदार असतात. त्या आपल्याच अंगावर उठू नयेत म्हणून त्यांना पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, आणि कॅन्सर नेमका तोच दाबून धरतो. औषध तो ब्रेक सोडवतं. याच वाटेच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

मग अडतं कुठं? कपाशीवाल्यांनो, तुम्ही हे शेतात बघितलंय. बीटी कपाशी आली, झाडातच अळीचं विष तयार होऊ लागलं, बोंडअळी हटली. पण त्या विषाला न जुमानणाऱ्या थोड्या अळ्या जगल्या, त्यांचीच वीण वाढली, आणि २०१७ ला गुलाबी अळीनं बोंडं पोखरली.

गाठीतही असंच होतं. पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे तुकडे बाहेर मांडून दाखवते, टी-पेशी ते बघून चोर ओळखते. काही कॅन्सर पेशींत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचं जनुक बिघडतं आणि हे मांडणंच बंद पडतं. राखणदार शेजारून जातो, त्याला काही दिसतच नाही. बाकीच्या पेशी मेल्या, ह्या उरल्या, ह्याच वाढल्या. काही रुग्णांत तर टी-पेशी गाठीत शिरतच नाहीत, तिथं औषध पहिल्यापासूनच लागत नाही. अशा वेळी नुसता डोस वाढवून भागत नाही, ब्रेक तर आधीच सुटलेला असतो.

म्हणून औषधांची जोडी लावतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये तोंडानं घ्यायच्या केमोला निवोलुमॅब ह्या ब्रेक सोडवणाऱ्या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस जोडला. वर्षभर जगणारे शंभरात १६ होते, ते ४३ झाले. परवडेल अशा डोसात झालं, हे मला फार मोलाचं वाटतं. तरी उरलेल्यांचं काय, हा प्रश्न आहेच.

मामाला हे सगळं अळीच्याच भाषेत सांगितलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजी खाण्यापिण्यानं नाही झालं."

रात्री मामीनं भाकरीवर दही घातलं.