उचल, कोयता आणि संगणक

नमस्कार श्रोतेहो. दसरा-दिवाळी आली की बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. धान्याची पोती, भांडी, शेळी आणि सगळ्यांत वर लेकरं. ऊसतोडीला निघालेली ही माणसं. हवामान बिघडत गेलं तर या ट्रॉल्या वाढतील का? हा प्रश्न आता संगणकाला विचारतात.

जागतिक बँकेनं २०२१ मध्ये असा एक मोठा अंदाज मांडला. वेळीच उपाय केले नाहीत, तर २०५० पर्यंत जगाच्या सहा प्रदेशांत मिळून २१.६ कोटींपर्यंत माणसं आपापल्या देशातच दुसरीकडे जातील. नकाशाचे चौकोन पाडायचे, कुठं पाणी आटेल, कुठं पीक घटेल ते बघायचं आणि लोकसंख्या कुठं सरकेल ते काढायचं, अशी ही रीत. पण हिशेब दशकांचा. आपला तोडकरी उन्हाळ्याच्या तोंडाला गावी परततो, तो यात दिसणार कसा?

दुसऱ्या रीतीत संगणकातच कुटुंबं वसवतात. प्रत्येकाला जमीन, कर्ज, नातीगोती द्यायची, निर्णयाचे नियम ठरवायचे आणि पाऊस कमी-जास्त करत पुन्हा पुन्हा चालवून बघायचं. मला हीच रीत पटते. मात्र नियम घालताना बीडचा माणूस शेजारी बसवावा.

कारण ‘पाऊस कमी, की माणूस बाहेर’ एवढं ते सरळ नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, त्यांना हंगामाआधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. ती फिटली नाही, तर पुढल्या साली पाऊस झकास पडला तरी जावंच लागतं. उलट दुष्काळात ऊसच वाळतो, गाळप लवकर आटोपतं आणि उचल अंगावर घेऊनच कोयता घरी येतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तशा सालात उसाला पाणी कुठलं? म्हणजे जी आपत्ती माणसाला घराबाहेर काढते, तीच बाहेरचं कामही काढून घेते. पुण्याला कंपनीत गेलेल्या पोरांचा हिशेब आणखी निराळा, ती सहसा परतत नाहीत.

ज्यांच्याकडे जायलाही बळ नाही, ती तर कुठल्याच ट्रॉलीत नसतात. ब्रिटिश सरकारच्या २०११ च्या एका अहवालानं अशा अडकून पडलेल्यांकडे मुद्दाम लक्ष वेधलं होतं.

आपल्याकडे ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामसेवकामार्फत होते. त्या नोंदीला दोन रकाने जोडावेत, असं मला वाटतं: उचल किती घेतली आणि त्यातली परतताना किती उरली.